सीट लागेपर्यंत घरात काय करायचं? एका वडिलांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक वडील, स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, थोडी शेती आणि जोडीला एका दुकानात नोकरी. लेक यंदा सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स झाली. तिनं केसीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) दिली, मेडिकलची नीट दिली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी पण दिली. केईएच्या, म्हणजे कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाच्या, मॉक अलॉटमेंटमध्ये (सीटवाटपाच्या तालमीत) हुबळीचं एक इंजिनिअरिंग कॉलेज दाखवलंय, पण तिला पाहिजे ती ब्रँच नाही. खरी पहिली फेरी अजून व्हायची आहे. ते म्हणतात, मी दर दहा मिनिटांनी साइट उघडून बघतोय, बायको देव पाण्यात घालून बसलीय, पोरगी खोलीतनं बाहेर येत नाही, जेवायला बोलावलं तर 'ठेवा तिथं' म्हणते, आणि त्यात बेंगळूरहून एका माणसाचा फोन येतोय की टोकन भरा, सीट पक्की करून देतो. 'मॅडम, आम्ही आईबापांनी या दिवसात नेमकं करायचं काय?'

मी बेळगावात पीयू कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, आणि दर वर्षी मे महिन्यापासून ते गणपतीपर्यंत कॉलेजचा हेल्प डेस्क बघते. खरं सांगायचं तर गावाकडचे लोक मला केमिस्ट्रीपेक्षा ऑप्शन एंट्रीवाली (कॉलेजांची पसंतीयादी भरायला मदत करणारी) मॅडम म्हणूनच जास्त ओळखतात. त्यामुळे तुमच्यासारखे आईवडील मी वर्षानुवर्षं समोरच्या बाकावर बसलेले बघतेय, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत झेरॉक्सचा गठ्ठा, आणि नजर मोबाइलवर.

आधी एक सांगते, तुम्ही विचारलंय वाट बघण्याबद्दल, पण मला अडचण वेगळीच दिसते. सीट लागली की उत्तर द्यायला मोजके दोन-चार दिवस मिळतात, आणि त्या दोन-चार दिवसात काय करायचं हे तुमच्या घरात अजून कुणी बोललेलंच नाही. तुमच्या डोक्यात पैशाचा एक आकडा आहे, बायकोच्या डोक्यात लेकीनं किती लांब जावं याचा एक नकाशा आहे, पोरीच्या डोक्यात तिसरंच काहीतरी. हे तिन्ही एकदा पण एकमेकांसमोर आलेलं नाही, म्हणून सगळे मिळून साइट बघत बसलेत. साइटवर जे यायचं ते येणारच आहे. आल्यावर घरात जो गोंधळ होणार, त्याची भीती जास्त आहे, असं मला तरी वाटतं.

आता यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. तिची रँक किती, कॅटेगरी कुठली, हॉस्टेलचा खर्च झेपतोय काय, पोरगी एकटी राहू शकते काय, हे मला इथनं कळणार नाही. दोन घरांना मी एकाच रँकवर एकदम उलटा सल्ला दिलाय आणि दोन्ही वेळा तोच बरोबर होता. म्हणून मी विचार कसा करते ते सांगते, निर्णय तुमचा.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर सीट कशी देतो ते समजून घ्या, कारण निम्मी धाकधूक तिथंच कमी होते. केईए मेरिटच्या क्रमानं जातं. एक नंबरच्या मुलाची यादी उघडायची, त्याचा पहिला ऑप्शन मोकळा असेल तर द्यायचा, नसेल तर दुसरा बघायचा, मग दोन नंबरचा मुलगा, असं करत करत तुमच्या लेकीपर्यंत यायचं. तिच्या यादीत वरून खाली बघत जी पहिली सीट तिच्या कॅटेगरीत शिल्लक असेल ती तिची. म्हणजे वरती अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. 'मॅडम, एवढी मोठी कॉलेजं वर टाकली तर कॉम्प्युटर चिडणार नाही काय' असं मला खरंच एकानं विचारलेलं! नाही चिडत. ज्या क्रमानं तिला मनापासून पाहिजे त्याच क्रमानं यादी लावायची, मिळेल की नाही हा हिशोब क्रम लावताना करायचाच नाही, तो हिशोब फक्त यादी खाली किती लांब न्यायची त्यासाठी. आणि जिथं लागलं तरी जाणारच नाही असं कॉलेज यादीत ठेवायचंच नाही, हा नियम पाळला नाही की पुढं रडारड.

मॉक म्हणजे तालीम. त्या दिवसापर्यंत लोकांनी जे ऑप्शन भरले होते त्यावर चालवलेली. मॉक बघून हजारो पोरं यादी बदलतात, काही काढतात, काही वर ओढतात, त्यामुळे खऱ्या फेरीत तुमच्या लेकीचं मॉकपेक्षा चांगलं पण लागू शकतं आणि खाली पण जाऊ शकतं. मॉकमध्ये हुबळी दिसलं म्हणून हुबळीत पीजी शोधायला जायची घाई नको. मॉकचा खरा उपयोग एवढाच की यादी बदलायची मुदत अजून उघडी असते. ती मुदत संपायच्या आत एकदा तिघांनी मिळून यादी वाचा, मोठ्यानं वाचा. प्रत्येक नावावर 'इथं लागलं तर जाणार?' एवढंच विचारायचं. मुदत संपली, यादी लॉक झाली, की मग तुमच्या हातात काही नाही आणि साइट उघडून काही बदलत नाही.

कटऑफ बघताना एक चूक आपल्याकडं सगळीकडं होते म्हणून लिहिते. गेल्या वर्षीच्या याद्या लोक काढतात आणि सगळ्यात पहिला रकाना, म्हणजे जीएम (जनरल मेरिट), तो बघून घाबरून बसतात. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही मराठा दिसता, म्हणजे आपल्या राज्यात थ्री-बी. मग बघायचं ते थ्रीबीजी, आणि गावातल्या शाळेत पहिली ते दहावी झाली असेल आणि अर्जात ते भरलं असेल तर थ्रीबीआर. शेवटचं अक्षर महत्त्वाचं आहे. जी म्हणजे जनरल, आर म्हणजे ग्रामीण, के म्हणजे कन्नड माध्यम. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना के मिळत नाही हे खरं, पण मराठी शाळा म्हणून आर जात नाही, शाळा कुठं आहे ते बघतात, माध्यम नाही. हे कित्येकांना माहीतच नसतं. आणि कल्याण कर्नाटकचं जे ३७१-जे आरक्षण आहे ते बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयनगर या जिल्ह्यांसाठी, बेळगावला ते लागत नाही, तिकडच्या पावण्यांनी कितीही छातीठोक सांगितलं तरी. कटऑफ बघताना नुसती पहिली फेरी बघू नका, शेवटच्या फेरीत रँक कुठपर्यंत खाली गेलेली ते पण बघा. दोन्हींच्या मध्ये बरंच अंतर असतं आणि आशेला जागा असलीच तर तिथं असते.

आता मुख्य गोष्ट, चार चॉइस. पहिली फेरी लागली की केईए विचारतं आणि तुम्हाला एकच निवडायचं असतं. चॉइस वन, म्हणजे आम्ही खूश, फी भरली, कॉलेजला जाऊन जॉइन होतो, पुढच्या फेऱ्या नकोत. चॉइस टू, म्हणजे ही सीट धरून ठेवतो, फी भरतो, पण यादीत याच्या वरची जी कॉलेजं आहेत त्यासाठी पुढच्या फेरीत उभं राहतो. वरचं लागलं तर जुनी सीट आपोआप जाते, मग 'जुनीच बरी होती' म्हणायची सोय नाही. चॉइस थ्री, ही सीट नको, पण पुढच्या फेरीत आहे. चॉइस फोर, आम्ही बाहेर. नियमातले बारकावे वर्षागणिक थोडे हलतात, त्या त्या वर्षीची नोटीस वाचायचीच, पण सांगाडा हाच.

कागदावर सोपं दिसतं. घरात बसून ठरवताना सोपं राहत नाही. मागं निपाणीकडचं एक कुटुंब आलं होतं. वडील यादी भरताना सारखे म्हणत होते, कुठलं पण चालतंय मॅडम, शिकू दे पोरगीला. लागलं मंगळूर. लागल्यावर तेच वडील म्हणाले, एवढ्या लांब नाही पाठवणार. आई म्हणाली, मग भरताना का बोलला नाही. पोरगी आमच्या कॉलेजच्या जिन्यावर बसून रडत होती आणि मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. त्यांनी रागाच्या भरात चॉइस थ्री दाबलं, पुढच्या फेरीत जे लागलं ते मंगळूरपेक्षा बरं नव्हतं. मुलगी आज व्यवस्थित आहे, इंजिनिअर झाली, नोकरी करते. पण वडिलांना मंगळूर नको होतं हे जूनमध्ये बोलले असते तर ते नाव यादीतच आलं नसतं.

म्हणून माझं सांगणं असतं, की वाट बघण्याच्या या दिवसात एक रात्र, जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून, वहीचं एक पान घ्या आणि तीन-चार शक्यता लिहा. वरच्या पाचातलं लागलं तर कुठला चॉइस. मधलं लागलं तर कुठला. अगदी खालचं लागलं तर काय. काहीच लागलं नाही तर काय. प्रत्येकासमोर एक ओळ. भांडण होईल, होऊ दे, आत्ता झालेलं परवडतं. चॉइस थ्री शक्यतो टाळावा असं माझं मत आहे, हातातली सोडून उडत्यामागं जायचं म्हणजे ज्या घरात दुसरा काहीतरी पक्का आधार आहे त्यांनीच. तुमच्या लेकीला ब्रँच पाहिजे तर चॉइस टू बहुतेक तुमच्यासाठीच आहे. पण चॉइस टू म्हणजे फी भरायची आहे, आणि इथं गाडी अडते.

पैशाचं नीट लिहिते कारण आपल्याकडं यावर कुणी सरळ बोलत नाही. सरकारी कॉलेज, खाजगी कॉलेजातली केईए सीट, कॉमेडकेची (खाजगी कॉलेजांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेची) सीट आणि मॅनेजमेंट, या चारींची फी वेगवेगळी असते आणि शेवटच्या दोनांची कितीतरी जास्त. तुमचे पैसे सोसायटीत किंवा पतसंस्थेत ठेवीत असतील तर ठेव मोडून हातात यायला दिवस जातात, मध्ये दुसरा-चौथा शनिवार आला की संपलं. मोबाइलवरनं भरायची दिवसाची मर्यादा असते, ती आधी बँकेत जाऊन विचारा. आणि तुम्ही कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचे असाल तर जुलैच्या पावसात लाइट आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही हे मी तुम्हाला काय सांगणार. फी भरायचं काम बेळगावात किंवा खानापुरात बसून करा, शेवटच्या दिवशी नको. कर्ज लागणार असेल तर सीट लागेपर्यंत थांबू नका, मॅनेजरला आत्ता भेटून या, कागद कुठले लागतात ते विचारून या, विद्यालक्ष्मी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तर केईएला, स्कॉलरशिपच्या एसएसपी पोर्टलला, बँकेला, सगळ्यांना लागतो. नाडकचेरीतला (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतला) दाखला काढलेला असेल तर त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) वहीत लिहून ठेवा, तो दाखला जुना झालाय काय ते बघा. आठ लाखाच्या आत उत्पन्न असणाऱ्यांसाठी ट्यूशन फी माफीच्या काही जादा जागा असतात, एसएनक्यू म्हणतात, त्याचा कटऑफ वेगळा येतो, तो पण बघायला विसरू नका.

आणि हो, लेकीला आकडा सांगा. 'तू काळजी करू नको, आम्ही बघतो' हे ऐकायला चांगलं वाटतं पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला त्याचा अर्थ असा लागतो की माझ्यापायी जमीन विकणार. मी हे कित्येक पोरींच्या तोंडून ऐकलंय. वर्षाला एवढे जमतात, एवढे कर्ज काढू, त्याच्या वर जमत नाही, असं सरळ सांगितलं की पोरं उलट शांत होतात.

पुढचा मुद्दा जरा नाजूक आहे. केईएच्या नोटिसा कन्नड आणि इंग्रजीत येतात. तुम्ही मराठी शाळेतले, कन्नड बोलता छान पण सरकारी नोटिशीची कन्नड वाचायला जड जाते, बरोबर? मग काय होतं, प्रत्येक नोटीस पोरगीच वाचून दाखवते. म्हणजे स्वतःच्या निकालाची दवंडी तिनंच पिटायची, आईबापाचे चेहरे पडलेले तिनंच बघायचे, आणि वर 'नीट वाचलंस काय' हे पण ऐकायचं. तुमची लेक खोलीतनं बाहेर येत नाही त्यात हे एक कारण असू शकतं. दुसरं कुणीतरी शोधा. तिचे पीयूचे सर, गल्लीतला एखादा इंजिनिअर झालेला पोरगा, भावकीतली कुणी कॉलेजात असलेली. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्या माणसानं साइट बघायची आणि तुम्हाला सांगायचं. बाकी दिवसभर साइट बंद. तारखा पुढं ढकलल्या जातात, दर वर्षी जातात. २०२४ ला तर सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले म्हणून ५० प्रश्न वगळले, तिकडं नीटचा घोळ सुप्रीम कोर्टात गेला, सुधारित निकालच २६ जुलैला आला आणि सगळंच वेळापत्रक लांबलं. तेव्हा तारीख हलली म्हणजे आपल्या लेकीचं काही चुकलं असं नसतं.

त्याच ओघात, केईएला मोबाइल नंबर कुणाचा दिलाय ते आजच तपासा. अर्ज सायबरमध्ये भरला असेल तर बरेचदा सायबरवाल्याचाच नंबर टाकलेला असतो, मग ओटीपी त्याच्याकडं जातो आणि शेवटच्या दिवशी तो गावाला गेलेला असतो. लॉगिन, पासवर्ड, दोन्ही घरच्या वहीत पाहिजे.

आता महाराष्ट्राच्या सीईटीचं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) टाइप-ई म्हणून वेगळी पात्रता आहे, त्यासाठी वादग्रस्त सीमाभागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी, असे दोन्ही दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. तुमचं गाव त्या यादीत आहे काय आणि दाखले तयार आहेत काय हे आत्ता बघायचं, कारण तिथली नोंदणी आणि कागद तपासणी वेळेत झाली नाही तर नुसत्या पर्सेंटाइलचा उपयोग नाही. कोल्हापूर, सांगली आपल्याला बेंगळूरपेक्षा जवळ, भाषा आपली, त्यामुळे मोह होणारच आणि त्यात वाईट काही नाही. फक्त दोन्हीकडच्या फेऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढतात आणि ओरिजिनल कागद एकच असतो. टीसी एकदा एका कॉलेजला गेली की दुसरीकडं धावायचं कठीण. म्हणून त्या वहीच्या पानावर हे पण लिहा की इकडं चॉइस वन घ्यायच्या आधी तिकडची कुठली फेरी बघायची, की बघायचीच नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचाच असेल तर तारखांचं कॅलेंडर भिंतीवर पाहिजे, डोक्यात नको.

नीटचं थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नात ते मागं पडलंय असं दिसतं. क्वालिफाय होणं आणि सीट लागणं यात फार अंतर आहे. २०२५ ला २२ लाखांच्या वर मुलं बसली, १२ लाखांच्या वर क्वालिफाय झाली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी जवळपास निम्म्या. पावण्यांना 'नीट पास झाली' म्हणून पेढे वाटून झाले असतील तर आता त्यांचं तोंड कसं बंद करायचं हाच प्रश्न. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा आणि डीम्ड (अभिमत विद्यापीठांची) कॉलेजं एमसीसीकडनं, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडनं, बाकी राज्याच्या जागा केईएकडनं, दोन्हींकडं वेगळी नोंदणी. डीम्डला नोंदणी करतानाच दोन लाख अनामत ठेवावी लागते, आणि मार्क बसत असले तरी फी बघूनच पुढं जा. एमबीबीएस नाही लागली तर बीडीएस, आयुर्वेद, व्हेटर्नरी, अ‍ॅग्री यातलं काही तिला खरंच आवडेल काय हे तिला विचारा, तिच्यावतीनं तुम्ही ठरवू नका. अ‍ॅग्रीची धारवाडची युनिव्हर्सिटी आहे, हॉर्टिकल्चरचं अरभावीला कॉलेज आहे आपल्याच जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कोटा पण असतो. आपल्याकडं शेतकरी बाप स्वतः अ‍ॅग्री म्हटलं की नाक मुरडतो, हे मला कधी कळलेलं नाही.

लाँग टर्मचा, म्हणजे वर्षभर परत नीटची तयारी करायचा, निर्णय फेरी लागल्याच्या संध्याकाळी घ्यायचा नाही. त्या दिवशी सगळेच दुखावलेले असतात. पोरगी स्वतः म्हणत असेल की मला परत द्यायची आहे, तिला आपण कुठल्या विषयात कमी पडलो ते सांगता येत असेल, तर विचार करण्यासारखं आहे. तुम्ही म्हणताय म्हणून ती बसणार असेल तर त्या वर्षात काय होतं ते मी बघितलंय, मार्क थोडे वाढतात आणि पोर आतनं सुकून जातं.

आता पोरीबद्दल. खोलीत बसणं, कमी बोलणं, मोबाइलवर मैत्रिणींशीच बोलणं, हे या दिवसात जवळजवळ सगळ्याच पोरांचं होतं, त्यानं घाबरू नका. तिला घरातलं नेहमीचं काम सांगा, दळण आणायला पाठवा, बाजाराला सोबत न्या, आणि तिथं कॉलेजचा विषय काढू नका. बायकोला सांगा देव पाण्यातच असू दे, पण पोरीच्या समोर रोज नवीन नवस नको, प्रत्येक नवसाचं ओझं तिच्याच डोक्यावर चढतं. पंचमीला आत्या-मावश्या येणार, 'लागला काय नंबर?' विचारणार, त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, 'फेऱ्या चालू आहेत, लागली की आम्हीच सांगतो', एवढंच, आणि चहा पुढं करायचा. मात्र झोप पूर्ण उडाली असेल, जेवण खरंच सुटलं असेल, 'मी तुमच्यावर भार आहे', 'मी नसलेलंच बरं' असं काही तोंडातनं आलं असेल, तर ते फेरीवर ढकलू नका. मानसिक आधारासाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलतात. त्या वेळी पोरीला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायला लाजायचं नाही.

राहिला तो बेंगळूरचा फोन. तो माणूस एमबीबीएसची सीट पक्की करतो म्हणत असेल तर फोन ठेवून द्या, मॅनेजमेंट कोटा असो नाहीतर एनआरआय, एमबीबीएसची प्रत्येक सीट नीटच्या मेरिटवर काउन्सेलिंगमधनंच जाते, मधला माणूस ती देऊ शकत नाही. इंजिनिअरिंगचं म्हणत असेल तर मॅनेजमेंट सीट खरी असते, कॉलेज ती स्वतः भरतं, पण त्यासाठी एजंट लागत नाही. स्वतः जायचं, कॉलेजच्या ऑफिसात विचारायचं, चारही वर्षांची फी लिहून घ्यायची, ब्रँचचं नाव असलेली कॉलेजची पावती घ्यायची, पैसे कॉलेजच्या खात्यावरच. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडं ठेवायची नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाप्रमाणं ठरलेल्या तारखेच्या आत सीट सोडली तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीची फी परत द्यायची असते, एजंटला दिलेल्या टोकनाला तो नियम कुणी विचारत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर मॉकमध्ये काहीतरी दिसतंय, म्हणजे रँक अगदीच बाहेरची नाही. पहिली फेरी होऊ दे, त्या वहीच्या पानाप्रमाणं चॉइस द्या, दुसऱ्या फेरीचं बघा. त्यानंतर पण मॅनेजमेंटचाच विचार करायची वेळ आली तर त्या माणसाला तेव्हा फोन करा. उचलेल, चिंता करू नका, त्यांच्याकडं सप्टेंबरपर्यंत सीट 'शेवटची एकच' असते.